प्रोफेसर हीरा कपडे उतरवतात

माणूस कपडे कसे काढतो यावरून त्याच्याबद्दल मत बनवायची वेळ सभ्य माणसावर सहसा येत नाही. माझ्यावर आली, कारण भिवंडीजवळ कामतघरात मी हिराजी म्हात्रेच्या चाळीत भाड्यानं राहत होतो आणि आमची मोरी समाईक होती. हिराजी अंघोळीला निघाला की सदऱ्याचं पहिलं बटण मोरीच्या दारात काढायचा. मग थांबायचा. दुसरं बटण काढताना खांदा पुढं. तिसऱ्याला मान वळवून मागं बघायचा आणि एक भुवई वर करायचा. मागं मी उभा असायचो, हातात बादली, शाळेची घंटा व्हायची वेळ. त्या भुवईचं काय करायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हिराजी म्हात्रे हे घरचं नाव. स्टेजवरचं नाव प्रोफेसर हीरा. त्या काळी जादूचे खेळ करणारे, छातीवर दगड फोडून घेणारे, जत्रेत दात काढून देणारे सगळे प्रोफेसरच असायचे. त्यात एक जण कपडे काढण्यात प्रोफेसर झाला म्हणून कॉलेजांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. मी मात्र घेतलं. मी नारपोलीच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो, म्हणजे पोरांनी आरडाओरडा करू नये म्हणून त्यांना कमळ काढायला लावत होतो, आणि मला चाळीत सगळे नुसतं मास्तर म्हणायचे. प्रोफेसर तो.

त्याचा आयटम जत्रेतल्या तंबूत चालायचा. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आयटमचं नाव होतं ‘साहेब चालला’. पडदा वर गेला की गोरा साहेब उभा. तोंडाला पावडर, डोक्याला हॅट, अंगात सूट, गळ्यात टाय, हातात छडी. ढोल वाजला की हॅट जायची, म्हणजे साहेबाचं राज्य गेलं. मग कोट. मग टाय, शर्ट. एकेक कपडा तो पब्लिकमध्ये फेकायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारत तो परत फेकायची. शेवटी पॅन्टही गेली की आतून लाल लंगोटातला देशी पैलवान निघायचा, मांडीवर शड्डू ठोकायचा, आणि त्याच क्षणी कुणीतरी पेट्रोमॅक्सवर घमेलं पालथं घालायचा. अंधार. खेळ खलास. सगळा मामला देशभक्तीचा असल्यामुळं पोलिसांना हात लावता येत नव्हता, आणि बायकांच्या बाजूला देशभक्ती इतकी उसळायची की मधली कनात आडवी व्हायची. हे सगळं हिराजीच्या तोंडून. कनात वाऱ्यानं पडली असेल अशी शंका मी एकदा काढली, तर तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. तो आठवडा बरा गेला.

खानदेशात म्हणे एक फौजदार खेळ बंद पाडायला आला होता. हिराजीनं त्याला विचारलं, “साहेब, इंग्रज परत यावा असं हाय का तुमच्या मनात?” फौजदार खुर्ची ओढून पहिल्या रांगेत बसला. ही गोष्ट नाक्यावरच्या हॉटेलात मी इतक्या वेळा ऐकली, की फौजदाराच्या मिशा पाहता पाहता पिकल्या आणि पुढं पुढं त्याचा सुपरिंटेंडंट झाला.

धंदा का सोडला, असं विचारलं की तो कपबशीत बघत म्हणायचा, “शिखरावर असताना उतरावं मास्तर.” त्याच्या बायकोची हकीकत वेगळी होती. तंबूच्या मालकानं मुंबईहून एक नाचणारी आणली आणि त्या दिवसापासून साहेबाला कुणी विचारीना. “बाई आली, मंग ह्या टोनग्याला कोन बघंल?” असं चांगुणावहिनी म्हणायची आणि तुटलेला धागा जोडायला वाकायची.

तर ही चांगुणावहिनी. कामतघरातली चार लुमांची, म्हणजे यंत्रमागांची, शेड हिराजीच्या नावावर होती, पण चालवायची ती. केसांत कायम सुताचे पुंजके, कमरेला कात्री, आणि लुमांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं आवाज असा, की तिनं चाळीत ‘चहा’ म्हटलं की गावच्या तलावाच्या पलीकडं कुणीतरी ओ द्यायचं. तिची नजर सदैव कापडावर. तुमच्याशी बोलेल, तुमची विचारपूस करेल, तुमच्या पोटाला काय होतंय ते ऐकून ओवा सुचवेल, पण डोळे चालत्या ताग्यावरून हलणार नाहीत. नवऱ्याशी ती अशीच बोलायची. नवऱ्याशी तर जरा जास्तच.

हिराजीला लुमातलं काही कळत नव्हतं आणि कळत नाही याची लाजही नव्हती. तो अत्तर लावून दिवसातून एकदा शेडमध्ये फेरी मारायचा. आझमगडकडचे कारागीर त्याला परफेसरसाब म्हणायचे; त्यात आदर किती आणि मजा किती हे मी त्यांच्या तोंडावरून ओळखायचो, तो ओळखायचा नाही. वीज गेली की सगळे लूम एकदम थांबायचे आणि शेडमध्ये कानात दडे बसतील अशी शांतता पडायची. अशा वेळी हिराजी जिथं असेल तिथं एक पाय पुढं टाकून, हनुवटी वर करून उभा राहायचा. वाट बघत असल्यासारखा. कशाची, तर ढोलाची. कारागीर बिड्या काढायचे. मग वीज यायची, धोटे परत धावायला लागायचे, आणि साहेब पाय मागं घेऊन घरी जेवायला जायचे.

एकदा त्याचा घसा बसला म्हणून मी त्याला डॉक्टरकडं नेलं. मीच नेलं, माझी अक्कल अशा कामात कायम पुढं असते. डॉक्टर म्हणाले, “दाखवा.” हिराजी उठला, पाठ फिरवली, बटणं सुरू केली. सदरा गेला. बनियन डोक्यावरून काढून त्यानं बोटावर एकदा फिरवलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर टाकलं. ते औषधांच्या बाटल्यांवर पडलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “घसा दाखवायचा होता ना? तो तोंडात असतो.” बाहेर बाकावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. हिराजीनं परत येताना वाटभर मला सुनावलं, की डॉक्टर नवशिका दिसतो, त्याला बघायची नजर नाही.

असला माणूस परत स्टेजवर गेला तो माझ्यामुळं. त्यासाठी मला पराक्रम काही करावा लागला नाही, नुसतं तोंड उघडावं लागलं.

आमच्या मित्रमंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता. मी मंडळाचा चिटणीस, कारण बोर्ड फुकट रंगवून देणारा दुसरा कुणी नव्हता. ठरवलेला ऑर्केस्ट्रा ऐनवेळी फिरला. मंडळाचे अध्यक्ष तारेशेठ, ज्यांच्या जमिनीवर अर्धं कामतघर उभं होतं, ते डोक्याला हात लावून बसले. आणि मी, कुचकटपणा करायची संधी दिसली की मला राहवत नाही, मी म्हणालो, “एवढं कशाला टेन्शन? घरचा प्रोफेसर आहे की. उतरवू दे साहेब.”

सगळे हसले. तारेशेठ हसले नाहीत. ते विचार करत होते.

“फुकट करंल?” त्यांनी विचारलं.

“फुकट,” दारातून आवाज आला. हिराजी दारात उभा होता, एक पाय पुढं. “आखरीचा शो. पन बायकांची जागा म्होरं पायजे.”

“प्रोफेसर, ह्या वयात बायका कशाला पुढं?” तारेशेठ म्हणाले.

“लय नको. येक आली तरी बास.”

ती एक कोण हे मला दुसऱ्या दिवशी मोरीपाशी कळलं. त्या दिवशी त्यानं बटणं काढली नाहीत. खांद्यावर पंचा टाकून नुसता उभा राहिला.

“मास्तर, चांगुणाला तुमी आना. माज्या सांगन्यानं ती याची न्हाय.”

“ती तुम्हाला रोज बघतेच की.”

“न्हाय बघत,” तो म्हणाला. “येवरा संसार झाला, पोरां मोठी झाली. पन तिनी मना कवाच बघितला न्हाय. मी जेवाला बसलो का ती ताग्याकडं बघते. आजारी परलो तरी कपाळावर हात, डोले लुमावर. गावोगावच्या बायांनी बघितला मना. हिनी येकदा बघू दे. मंग काय बी बोलू दे.”

मी गंभीर चेहरा ठेवला आणि आत जाऊन हसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट पुढं, मांड्यांची कातडी लोंबलेली, आणि बायकोनं बघावं म्हणून चारचौघांत लंगोटावर येणार. घरी दार लावून हे काम झालं नसतं का? पण कलावंताला दार चालत नाही.

मग मी कामाला लागलो, म्हणजे एकेक घोळ घालायला लागलो.

आधी बोर्ड. लाल लंगोट, रुंद छाती, एका हातात साहेबाची छडी. चित्रकलेचा मास्तर असूनही मला माणसाचं शरीर कधी जमलं नाही, आणि छडी रंगवताना ब्रश जाड निघाला. बोर्ड नाक्यावर पिंपळाखाली टेकवला. शनिवारी सकाळी बघतो तर कुणीतरी त्याला रुईची माळ घातलेली. तेलाचे ओघळ खाली ‘प्रोफेसर हीरा’ या अक्षरांवर आलेले. मी माळ काढायला गेलो तर एक म्हातारा काठी घेऊन अंगावर आला. हिराजीनं बोर्ड पाहिला, आणि तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “चेहरा बराबर आलाय.”

दुसरा घोळ दिवसाचा. मी शुक्रवार ठरवला. शुक्रवारी लूम बंद, सगळं गाव मोकळं, म्हटलं गर्दी होईल. पण वीजवाल्यांनीही आपली साप्ताहिक कपात शुक्रवारीच ठेवली होती, हे मला सोडून कामतघरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे दिवे नाहीत. कार्यक्रम भर उन्हात, दुपारी चारला.

“आनि शेवटचा काळोख?” हिराजीनं विचारलं.

“लोकांना डोळे मिटायला सांगू,” मी म्हणालो.

तिसरा घोळ सगळ्यात मोठा. हिराजीनं सूट शिवायला कापड मुंबईहून आणलं. भिवंडीत राहून, घरात चार लूम असून, मुंबईहून. त्याचं म्हणणं, “लुमाचा कपडा आंगावरनं नुसता निघतो. आयटमला उतरनारा कपडा लागतो.” कोटाला टेरिवूल, शर्टाला असलं तलम टेरिलिन की बोटातून पाण्यासारखं जावं. मी चांगुणावहिनीला शोचं आमंत्रण द्यायला शेडमध्ये गेलो. तिनं नजर न उचलता सांगितलं, “मना येल न्हाय. आनि तो टोनगा मना ठाव हाय.” मग मला अक्कल सुचली. म्हटलं, “वहिनी, त्याला नका बघू. कापड बघायला तरी या. असा माल आपल्याकडं निघत नाही.”

तिचे हात थांबले. “कसला माल?”

मी वर्णन केलं. जरा रंगवूनच केलं. तेवढं रंगवणं मला जमतं. वहिनी येते म्हणाली. फक्त तिनं ते शेजारच्या शेडमध्ये सांगितलं, शेजारच्यानं नारपोलीत, आणि शुक्रवारी कामतघरच्या मैदानावर जी गर्दी लोटली ती बघून तारेशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. लूममालक, लूम दुरुस्त करणारे जॉबर, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाया, कारागीर. पहिल्या रांगेत अन्सारीचाचा, ज्यांच्या नुसत्या चिमटीवर नारपोलीचे व्यापारी मालाचा भाव ठरवायचे. हिराजी पडद्याच्या फटीतून बघत होता. “बघा मास्तर,” तो म्हणाला, “लोक इसरले न्हाय.”

लग्नाच्या बँडमधला ढोलवाला आणला होता. त्यानं थाप दिली आणि साहेब आला.

खोटं सांगत नाही, पहिली दोन मिनिटं बरी गेली. उन्हात पावडर घामानं ओघळत होती, पण चाल होती. हॅट काढून त्यानं ती छातीशी धरली, झुकला, भिरकावली. पोरांनी झेलली, शिट्ट्या वाजल्या. मग कोटाची बटणं. एक. थांबला. दुसरं. खांदा पुढं. कोट उतरला, त्यानं तो डोक्यावर एकदा फिरवला आणि पब्लिकमध्ये फेकला.

कोट परत आला नाही.

अन्सारीचाचांनी तो झेलला, उलटा केला, अस्तर बाजूला सारून शिवणीतली कापडाची कड शोधली आणि दोन बोटांत चोळली. “टेरिवूल है,” ते म्हणाले. “लेकिन दो-सूती ताना.” म्हणजे उभा धागा दुपदरी. मागचा म्हणाला, “द्या चाचा, आमाला बी बघू द्या.” कोट हातोहात मागं गेला. ऊन होतं, आणि कापड पारखायला उन्हासारखा दिवा नाही. तेवढ्यात टाय आली. मग शर्ट. शर्टाला तर तीन हात एकदम लागले. मागच्या रांगा उठून पुढं आल्या, पुढच्यांनी पाठ फिरवली. पन्हा किती, सूत कितीचं, हे आपल्या लुमावर निघेल की धागा तुटेल, यावर दोन मालकांची जुंपली. एकानं शर्ट सूर्यासमोर ताणून धरला आणि दहा डोकी त्याखाली गोळा झाली.

स्टेजवर हिराजी बनियन काढत होता. कुणासाठी, देव जाणे. पॅन्ट उतरवताना त्याचा पाय अडकला, त्यानं तोल सावरला, पॅन्ट फेकली. ती ढोलवाल्याच्या अंगावर पडली. ढोलवाल्यानं टिपरू काखेत मारलं आणि पॅन्टची क्रीज बघायला लागला. ढोल बंद.

हिराजीनं मांडीवर शड्डू ठोकला. तो आवाज मी ऐकला, कारण मी स्टेजच्या कडेला होतो. आणखी कुणी ऐकला नाही. साऱ्या मैदानात त्याच्याकडं वळलेल्या पाठी सोडून काही नव्हतं. त्यानं परत ठोकला. मग तो बायकांकडं बघू लागला.

बायकांत शर्ट आता चांगुणावहिनीच्या मांडीवर पोचला होता. ती नखानं धागे मोजत होती. मी मनात म्हटलं, झालं, ही तर बोलून चालून कापडालाच आली होती, मीच आणली. वहिनीनं काहीतरी विचारायला मान वर केली, बहुतेक कुठल्या दुकानातून आणलं हेच. आणि तिला स्टेजवर नवरा दिसला. लाल लंगोटात, उन्हात, पोटावर पावडरचे ओघळ, दोन्ही हात मांड्यांवर तसेच राहिलेले.

ती बघत राहिली. शर्ट मांडीवरून खाली घसरला, तो तिनं उचलला नाही.

मग ती उठली आणि लुमाच्या आवाजावर चढवायची सवय असलेला तो गळा तिनं मोकळा सोडला.

“ओ शेट. ओ चाचा. कपडं काय बघताव? जल्म कपडंच बघत आलाव ना? मानूस उघडा झालाय थयं. त्याला बघा.”

मैदान वळलं. सगळंच्या सगळं. टाय सूर्यासमोर धरून बघणाऱ्यानं हात खाली घेतला. अन्सारीचाचांनी चष्मा पुसून परत लावला. कुणी हसेल म्हणून मी वाट बघत होतो. पहिलं हसू माझंच असतं. कुणी हसलं नाही. इतक्या डोळ्यांपुढं हिराजी अवघडला. तंबूत या क्षणाला कुणीतरी घमेलं टाकायचा. त्यानंतर काय करायचं हे हिराजीला कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यानं हात छातीवर घेतले, मग पोटावर, मग कुठंच राहीनात.

“हात खाली घ्या,” वहिनी म्हणाली. आता आवाज खालचा होता.

त्यानं घेतले.

“फिरा जरा.”

तो फिरला. ढोल नव्हता, भुवई नव्हती. पाठ झाली, पाठीवरचे पांढरे केस दिसले, परत तोंड आलं. तिनं पायांपासून मानेपर्यंत बघितलं आणि मानेवर थांबली नाही, चेहऱ्यापर्यंत गेली. तिथं बराच वेळ राहिली.

“बघितला,” ती म्हणाली. “चला आता घरी.”

कपडे काही सगळे परत मिळाले नाहीत. कोट आला, हॅट आली. पॅन्ट ढोलवाला म्हणाला पुढं दिली, पुढच्यानं नारपोलीकडं बोट दाखवलं. शर्टाचा नमुना म्हणून कुणीतरी पुढचा अर्धा भाग कापून नेला होता. वहिनीनं कुणाकडून तरी कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा मागून घेतला आणि त्याच्या कमरेला गुंडाळला, गाठ स्वतः मारली. मी मदतीला पुढं झालो, तर मला म्हणाली, “मास्तर, तुमी ऱ्हावं द्या. तुमच्या मदतीनं लय झाला.”

दोघं तलावाच्या कडेनं निघाली. डोक्यावर हॅट, अंगात कोट, खाली कोरं कापड, पाय उघडे, असला तो भिवंडीतला शेवटचा साहेब. एरवी ती चार पावलं पुढं असायची. त्या दिवशी बाजूनं चालली होती, मान त्याच्याकडं वळवून, आणि रस्ता न बघितल्यामुळं दोनदा ठेचकाळली.